तिफण आली, चाडं राहिलं

आमच्या म्युझियममधली कोणतीबी गाडी मी एका हँडलात चालू करतो! अमरावती-अकोल्यात माझ्यासारखा दुसरा मिस्त्री नाही. आता खरं सांगतो. अठरा गाड्यांपैकी चालू होतात दोन, अन् त्यातली एक उतार पाहून.

इंजिन खोलून परत बसवलं की चार नट उरतातच. ते मी डब्यात टाकत जातो. इथले किस्सेही तसेच साचले.

म्युझियमचे मालक म्हणजे नाना. अमरावतीबाहेर त्यांच्या शेतात टिनाचं शेड आहे. त्यात जुन्या मोटारी, ट्रॅक्टर, वखर, डवरे. भंगारवाला जिथं पोचतो, तिथं नाना अर्धा तास आधी पोचलेले असतात.

*

एकदा मी माझी सायकल रांगेत उभी केली अन् पाटी लावली, 'अतिशय दुर्मिळ. हात लावू नये.' आठ दिवस लोकांनी तिच्यासोबत सेल्फी काढले! नानांना कळलं. मी शिव्या खायला तयार. ते शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, रजिस्टरमध्ये चढली ती आता. म्युझियमची वस्तू बाहेर नेता येत नाही."

महिनाभर मी ऑटोनं आलो.

*

वरूडचा एक संत्रावाला काचेमागच्या पितळी फवारणी पंपापुढं खिळून उभा होता. नाना खूष. पंपाचा सारा इतिहास सांगितला. त्यानं ऐकून घेतला अन् म्हणाला, "ते ठीक हाये नाना, पन याचा वायसर भेटन काय? माहा कालपासून बंद हाये!"

*

काकू, म्हणजे नानांच्या मिसेस, एकदा शेडमध्ये मिक्सर घेऊन आल्या. गाड्यांच्या रांगेत ठेवला. "तीन महिने झाले बिघडून. इथं ठेवला तं तरी पाहाल!"

*

नानांचा जीव अडकला होता अकोटकडच्या शांताआजीच्या तिफणीत. आजीचे मालक तिफण हाकायचे, अन् मागून आजी चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, मुठीनं बी सोडायची. चाळीस वर्षं. मालक गेले, पोरं ट्रॅक्टरनं पेरू लागली. नानांनी तीन चकरा मारल्या तेव्हा आजीनं तिफण दिली. चाडं ठेवून घेतलं.

"पयले तिले कसं ठेवता ते पायते. मंग देते."

नानांनी शेडच्या मधोमध जागा केली अन् चाड्याची वाट पाहत बसले. मी म्हटलं, आजीला खूष करू. धरायच्या दांड्यावर हाताचे खड्डे पडले होते, ते लांबी, म्हणजे पुट्टी, लावून भरले. दरसालच्या पूजेचं हळदकुंकू लाकडात मुरलं होतं, ते पॉलिश पेपरनं घासून काढलं. वरून तीन हात वार्निश. नाना म्हणाले, "वा मिस्त्री!"

मृगाच्या आधी आजी आली. फडक्यात बांधलेलं चाडं छातीशी. तिफणीपुढं बसली, गाठ सोडायला घेतली. मग दांड्यावरून हात फिरवला. परत एकदा फिरवला. अन् गाठ पुन्हा आवळली.

नानांचा चेहरा पडला. "काय झालं आजी?"

मी मध्येच तोंड घातलं. "कावून अशी पाहून राहिली आजी? आंघोळ घालून नवरदेवावानी उभी केली तुही तिफण! काढ आता ते चाडं."

आजी गुडघ्यावर हात देऊन उठली.

"आंघोळ तं मेल्या मानसालेबी घालतात, बाप्पा. त्याच्या घरी पोरगी देत नाई कोनी."