सुकटीचा वास
फिनाईलचा वास आला की मला भंडाऱ्यातली ती भाड्याची खोली आठवते. ताई नर्सिंगला होती, मी अकरावीला. आमच्या करडी गावाहून रोज ये-जा जमण्यासारखी नव्हती, म्हणजे खोली गेली की ताईचं शिक्षण गेलं. सुरुवातीला घरमालकीण काकू आम्हाला घरचं लोणचंही द्यायच्या. मग एकदा त्यांनी ताईला आडनाव विचारलं, आणि त्याच आठवड्यात खोलीला वास यायला लागला. "सुकटीचा वास येऊन राहिला वं पोरी, सहन नाही होत." सुकी मासळी आम्ही त्या खोलीत कधी आणलीच नव्हती. तरी ताईने मेलेला उंदीर शोधला, मोरी सोड्याने घासली, कडुनिंबाचा धूर केला, फिनाईलने फरशी पुसली, आणि सुट्टीच्या दिवशी दोघींनी भिंतींना चुना मारला. मी म्हटलं, "ताई, वास खोलीले नाही, आपल्या आडनावाले येते." ती म्हणाली, "चूप बस. घासलं म्हणजे जाते सारं." मग तिने काकूंना बोलावलं. काकू आल्या त्या पदर नाकाला लावूनच, आणि दार तर अजून बंद होतं. "येतेच वं अजून," त्या बाहेरूनच म्हणाल्या. चुन्याने फोड आलेले हात ताईने ओढणीखाली घेतले. महिनाअखेर आम्ही करडीला परतलो. ताई नर्स झाली नाही. आज मी जात विचारून खोली देणाऱ्यांविरुद्ध पत्रकं लिहिते, चौकात ओरडून वाटते. पण खोली पाहायला गेले की दार वाजवण्याआधी स्वतःची बाही हुंगून बघते.