शेंदराखालची जोडी

जवळा बाजारजवळच्या आमच्या शेतात, बांधावरच्या लिंबाखाली, म्हसोबा होता. निदान सासूबाई तसं समजत होत्या. दर मंगळवारी त्या त्याला पाणी घालायच्या, तेलात कालवलेला शेंदूर फासायच्या, पुढ्यात एक नैवेद्य ठेवायच्या. त्यांच्या आधीच्या बायकांनीही तेच केलेलं, त्यामुळे शेंदराचा थर चांगला चार बोटं जाड झाला होता. घरातली नवी जोडपी त्याच्या पाया पडायची, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. आम्हीही तसेच पडलो होतो.

गेल्या उन्हाळ्यात तो थर तडकला आणि गळून पडला. आत म्हसोबा नव्हताच. एकमेकांना मिठी मारून उभे असलेले बाई आणि पुरुष होते!

कुठल्या तरी पडक्या देवळाचा दगड असावा. चेहरे झिजलेले, पण मला त्यांची उणीव भासली नाही. बाईची टाच किंचित उचललेली, सगळा भार त्याच्यावर. तो पेलताना त्याचा एक खांदा खाली आलेला. त्याची बोटं तिच्या कमरेत अशी रुतलेली, की काळा दगड कणकेसारखा मऊ वाटावा. कारागीर कोण होता देव जाणे, पण त्याला मिठी ठाऊक होती. मी पदर तोंडाला लावून बघतच राहिले.

थोरल्या दिरांना मात्र घाम फुटला. "लेकी-सुना येतात इथं. काय दिसून राहिलंय हे! नदीत सोडा," म्हणत त्यांनी ट्रॅक्टर आणला.

सासूबाईंना मोतीबिंदूमुळे धड दिसत नाही. हा देव नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा एवढासा झाला. मनातलं सगळं त्यांनी आजवर या दगडालाच सांगितलं होतं आणि आता तोच चालला होता. मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा हात नेऊन दगडावर ठेवला.

त्या चाचपत गेल्या. खांदा, पाठ, कंबर. त्या बोटांपाशी येऊन थांबल्या.

"धरलंय व्हय गं त्यानं तिला?"

"व्हय, आत्याबाई. घट्ट."

त्या माझ्या कानाशी आल्या. "ह्यांनी मला जन्मात असं धरलं न्हाई गं."

मग दिरांकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "दगड कुठं जायचा न्हाई. न्यायचाच असंल तर मलाबी टाक ट्रॉलीत."

दीर रिकामी ट्रॉली घेऊन परत गेले. आईपुढे त्यांचं कधी काही चाललेलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी दगडापुढे नैवेद्य ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "अजून एक वाढ."

"तो कोणाला?"

"काहून, दोघं हायेत न्हवं? इतकी वर्सं ती बाई उपाशीच राहिली की गं."