दोन निळ्या नळ्या

शेवटचं भेटले तेव्हा शैला पुण्याच्या दवाखान्यात खाटेवर टेकून बसली होती आणि एका नर्सला झापत होती. "बाटलीवर नाव माझ्यासमोर लिही, मगच ने." नर्सला तो म्हाताऱ्या बाईचा हट्ट वाटला असेल. मला त्यामागची सगळी हकिगत ठाऊक होती. आठवडा उलटायच्या आत तिच्या भावाचा फोन आला... त्याला आता महिना झाला. रडून झालंय. शैलाबद्दल मुळूमुळू लिहिलं तर ती वरूनही झापेल, म्हणून तिचा सगळ्यात आनंदाचा दिवसच सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ती बारामतीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि माझा तिथेच छोटासा दवाखाना होता. एका जुन्या पुस्तकात तिला एक कृती सापडली आणि तेव्हापासून तिने माझं डोकं खाल्लं. पॅरासिटामॉलची गोळी, म्हणजे आपली तापाची गोळी, पोटात गेली की शरीर तिचं रूप पालटतं आणि ते बदललेलं औषध लघवीतून बाहेर पडतं. ती लघवी ॲसिड घालून उकळायची, गार झाली की वर दोन रसायनांचे थेंब टाकायचे, की नळी निळीशार! "अगं, माणूस खोटं बोलेल, लघवी नाही बोलणार," असं ती भर लग्नाच्या पंगतीत म्हणाली होती. शेजारच्या बाईंनी जिलबी खाली ठेवली.

अशातच अंथुर्ण्याहून हिरा आली. पूर्वी मेंढरं राखणाऱ्या, आता शेती करणाऱ्या घरातली सून. तापाने फणफणून मग उलट्या, डोळ्यांत पिवळी झाक, सारखी गुंगी. सासूने गळ्यात काविळीची माळ घातलेली. मला तापाच्या गोळ्यांचा संशय आला, कारण त्या फार झाल्या की यकृत निकामी करतात. हिराचा नवरा धोंडिबा म्हणाला, "सकाळी घरनं निघताना माझ्याम्होरं तापाची एक गोळी घेतली तिनं. एका गोळीनं काय हुतंय? ही कावीळ हाय. गावाकडं झाडपाल्याचं औषध देत्यात, आमी न्हेतो हिला." नेली असती तर वाटेतच हातची गेली असती. शेवटी ठरलं, शैलाच्या नळीत दाट निळा रंग आला तर हिरा इथे राहील, नाही तर ते नेतील. सासूबाईंनी पदराआडून बाटली आणून दिली आणि मी ती कॉलेजात धाडली.

दुपारी शैला रिक्षाने आली, मांडीवर नळ्यांचं लाकडी स्टँड सांभाळत. एक नळी फिकट निळी होती, दुसरी पाण्यासारखी. निळी तिची स्वतःची होती. आदल्या दिवशी डोकं दुखलं म्हणून तिने एक गोळी घेतली होती, तीच तुलनेला लावली होती. बिनरंगाची हिराची. धोंडिबाने पिशवी उचलली. "बगा, गोळीचं काय न्हाय."

शैला मात्र टाळी वाजवून ओरडलीच! "थांबा! कालच्या एका गोळीने माझी निळी झाली. हिने तर आज सकाळी घेतलीय ना, तुमच्यासमोर? मग हिची कोरी कशी? ही लघवी हिची नव्हेच!"

सगळे सासूबाईंकडे वळले. म्हातारी पदर तोंडाशी नेत पुटपुटली, "पोर उठंना. दारात ही गडीमाणसं बसल्याली. तिला धरून मोरीवर कशी न्हिऊ त्यांच्याम्होरनं? म्या माझीच दिली. एकाच चुलीवरचं खातो आमी, म्हटलं काय फरक पडतोय..."

शैलाला हसू आवरेना. तिने पुरुषांना बाहेर काढलं, दार लावलं, हिराला आधार देऊन स्वतः बाटली धरली आणि तिच्यासमोरच नाव लिहिलं. कॉलेजातून रसायनं मागवली आणि माझ्याच ओट्यावर स्टोव्ह पेटला. दुसरा थेंब पडला आणि रंग नुसता चढतच गेला, निळा, गडद, शाईसारखा! ती त्यात पाणी ओतत राहिली, तरी हिराची नळी तिच्या नळीइतकी फिकी होईना. आम्ही दोघी पोरींसारख्या एकमेकींचे हात धरून नाचलो आणि पुढच्या क्षणी भानावर आलो, कारण तो रंग म्हणजे विष होतं.

मग उलगडलं. गावातल्या डॉक्टरची पांढरी गोळी, दुकानातली सर्दीची पिवळी, बाजारातून आणलेली लाल... रंग वेगळे म्हणून औषधं वेगळी, असं समजून हिरा सगळ्या घेत होती, दिवसातून कितीदा तरी. आत औषध एकच. धोंडिबाने पिशवी खाली ठेवली. पुण्याहून उतारा मागवला, तो एसटीच्या कंडक्टरच्या हाती आला आणि शैला डेपोत गाडीच्या दाराशी उभी राहून तो घेऊन आली. हिरा हळूहळू सावरली. घरी जाताना तिने विचारलं, "तुमची नळी कशाला लावली वो, बाई?" शैला म्हणाली, "एकटीचा रंग कळत नाही गं. शेजारी दुसरी लागते."

गेल्या आठवड्यात शैलाचं घर आवरायला गेले. निरोप मिळून हिराही आली होती, आता नातवंडांची आजी. खिडकीत ते लाकडी स्टँड तसंच होतं. धुतलेल्या, कोरड्या दोन नळ्या, पुसट चिकटपट्ट्या. एकीवर 'हिरा', दुसरीवर 'मी'.

"तुझी तू घेऊन जा," मी म्हणाले.

हिराने तिची नळी उचलली, पदराने पुसली, उजेडात धरली. मग शैलाचीही पुसली आणि दोन्ही होत्या तिथे परत ठेवल्या.

"नगं, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "बाई एकट्या पडत्याल."