हात दाखवा

सगुणाबाईनं काचेवर टकटक केलं आणि मी वैतागले. फिलिंग रूमच्या काचेवर वाजवायचं नाही, आतल्या बायकांचं लक्ष उडतं, हे तिला शंभरदा सांगून झालं होतं.

"काय गं बाई, आग लागली का कुठं?"

"आग न्हाई शिष्टर. पर त्या तुमच्या एस्तेरचा डावा हातमोजा बघा. बोटापाशी पिवळं दिसतंय. आपलं औषिद तर पान्यावानी हाय न्हवं?"

सगुणाबाई रहाटणीची. साडी गुडघ्यापर्यंत खोचून पवना नदी उतरायची आणि चिंचवडला आमच्या कारखान्यात यायची. भरलेल्या कुप्या उजेडासमोर धरून त्यात कण, केस, धूळ शोधायची हे तिचं काम. अक्षरओळख नव्हती, पण नजर अशी की भल्याभल्या केमिस्टनं हात टेकावेत. मी काचेतून पाहिलं. पिवळं होतं खरं.

ही अठ्ठावन्न सालातली गोष्ट. कारखाना छोटा, इंजेक्शनच्या अँप्यूल भरायचा. अँप्यूल म्हणजे काचेची बारीक कुपी. तिच्यात औषध भरायचं आणि तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं, त्याला सीलिंग म्हणतात. बहुतेक औषधं त्यानंतर वाफेत ठेवून निर्जंतुक करता येतात. आमचं एक औषध मात्र उष्णतेनं खराब व्हायचं. त्यामुळे सगळी भिस्त भरणाऱ्या बाईच्या हातांवर. मी नगरकडच्या मिशन दवाखान्यात नर्स होते, म्हणून मला इथं सुपरवायझर नेमलं. 'सिस्टर' हे नाव तिथूनच चिकटलं.

रोज सकाळी दारात उभं राहून मी एकच वाक्य म्हणायची, "हात दाखवा." ओरखडा, गळू, भाजलेलं, काहीही असलं तर ती बाई त्या दिवशी आत जायची नाही, बाहेर पॅकिंगला बसायची. हात बघितले की रजिस्टरमध्ये नावापुढं बरोबरची खूण.

आत भरायला बसलेल्या एस्तेरला मी बाहेर बोलावून मोजा काढायला लावला. आत पट्टी, पट्टी ओली, आणि तिच्याखाली दोन बोटं पार पिकलेली. मोज्याला टोकाशी बारीक चीर गेली होती.

"कधी भाजलं?"

"शनिवारी, काम सुटताना. सीलिंगच्या ज्योतीवर मोजा वितळून चिकटला."

त्या दिवशी गुरुवार होता. म्हणजे सोमवारपासून चार दिवस ही मुलगी असल्या बोटांनी लोकांच्या नसांत जाणारं औषध भरत होती!

"अगं, तोंड शिवलं होतं का तुझं? सांगायला काय झालं होतं?"

ती खाली मान घालून म्हणाली, "गेल्या आठवड्यातल्या बुधवारच्या प्रार्थनेत तुम्हीच म्हणालात ना सिस्टर. उपासकाळ आहे, प्रभूच्या दुःखाचे चाळीस दिवस. वधस्तंभावर जाताना त्यानं तोंडातून शब्द काढला नाही, आपणही तक्रार न करता सोसावं. मी रोज मोजा घालताना म्हणायचे, प्रभू, हे तुझ्यासाठी."

ते वाक्य माझंच होतं. आम्ही चार-पाच ख्रिस्ती घरं. चर्चचे पाळकसाहेब लांबून महिन्यातून एकदा यायचे, म्हणून बाकीच्या बुधवारी प्रार्थना माझ्या खोलीवर व्हायची आणि बोलायचीही मीच. छान बोलते असं सगळे म्हणायचे. मलाही ते आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणू.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. रजिस्टरमध्ये चारही दिवस एस्तेरच्या नावापुढं माझी खूण होती. हात मी पाहिले नव्हते. आपली प्रार्थनेतली मुलगी, तिचे काय बघायचे! सगुणाबाईचे मात्र बाहेर बसत असूनही उलटसुलट करून बघायची मी.

केळकर साहेब आमचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण कारखाना नवा होता आणि चार दिवसांचा माल म्हणजे त्यांच्यासाठी मोठं नुकसान होतं.

"माल अजून स्टोअरमध्येच आहे ना? टेस्ट होऊ द्या सिस्टर. पास झाला तर पाठवू."

"साहेब, टेस्टला मूठभर अँप्यूल जातात. बाकीच्या विश्वासावर जातात. तो विश्वास आता कुठून आणू?"

त्यांनी टेबलाचा खण उघडला. मग कागद पुढं सरकवला. "ठीक. माल फोडू. कारण लिहा, कामगारानं जखम लपवली. तिला काढून टाकतो, विषय संपला. तुमचं नाव सेक्शन इन्चार्जसाठी वर गेलंय, तुम्ही यात पडू नका."

एस्तेर दारातच उभी होती. ती आत आली. विधवा आई आणि दोन बहिणी हिच्या पगारावर, तरी म्हणाली, "माझंच नाव लिहा साहेब. सिस्टरांचं नको. मी सोसते."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "पुरे झालं तुझं सोसणं! तू सोसायचं आणि मी इन्चार्ज व्हायचं? हा कसला वधस्तंभ गं? तू चार दिवस सोसलंस ते कुणाच्या कामी आलं? एखाद्या बाळंतिणीला ते इंजेक्शन गेलं असतं तर तुझं दुखणं तिनं भोगलं असतं!"

ती रडायला लागली. मी पेन उचललं. लिहिलं: भाजल्याचं एस्तेरनं सांगितलं नाही. चारही दिवस हात न बघता मी खूण केली. बघितले असते तर पहिल्याच दिवशी ती बाहेर बसली असती. जबाबदारी सुपरवायझरची. खाली सही केली.

"सिस्टर, हे वर गेलं की पोस्ट गेली समजा."

"जाऊ दे साहेब. तेवढी पोरीची नोकरी ठेवा."

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि तिची नोकरी ठेवली. बोटं बरी होईपर्यंत एस्तेर पॅकिंगला बसली. कारखान्यामागं खड्डा खणला आणि दोन दिवस मी आणि सगुणाबाईनं अँप्यूल फोडल्या. "यवढी म्हेनत, शिष्टर!" ती हळहळत होती, पण हात थांबवत नव्हती.

पुढच्या बुधवारी मी उभी राहिले. म्हटलं, मागं मी अर्धंच सांगितलं. प्रभूनं सोसलं ते दुसऱ्याचं दुखणं वाचावं म्हणून. ज्यानं दुसऱ्याचं दुखणं वाढतं ते सोसणं नव्हे, तो हट्ट. आणि मरणातून उठल्यावर प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा त्यानं हात पाठीमागं लपवले नाहीत. पुढं केले, खिळ्यांच्या जखमांसकट. यावर एस्तेर जरुरीपेक्षा मोठ्यानं 'आमेन' म्हणाली.

इन्चार्ज म्हणून पुण्याचे एक गृहस्थ आले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण त्या प्रार्थनेच्या दुसऱ्या दिवसापासून दारात मी आधी माझे हात पुढं करायला लागले. सगुणाबाई ते उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, "शिष्टर पास! चला."

पुढं बऱ्याच वर्षांनी मी निवृत्त होणार म्हणून माझ्या जागी एस्तेर सुपरवायझर झाली. माझा नोकरीचा शेवटचा दिवस होता. बायकांनी हार आणला होता. एकदा फिलिंग रूम डोळे भरून बघावी म्हणून मी दाराशी गेले, तर ही वाटेत उभी.

"सिस्टर, हात दाखवा."

आदल्या दिवशी विळीवर कांदा चिरताना अंगठा कापला होता. मी पुढं केला.

"आज आत नाही," ती म्हणाली आणि रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढं फुली मारली.

मी पॅकिंगच्या टेबलावर जाऊन बसले. इतकी वर्षं प्रार्थनेत बोलले, त्यातलं एक तरी कुणाला नीट कळलं होतं.