ट्रॅक्टरच्या शर्यतीला मी हसलो

दोस्तांनो, आज लई लाज वाटून राहिली, म्हणून लिहितोय.

दुपारी मुखेडजवळ ट्रॉलीसकट ट्रॅक्टर उलटा पळवायची शर्यत होती. मी मित्राला मोठ्यानं म्हणालो, "खरी रेस फॉर्म्युला वनची. तिथं ताशी तीनशेचा वेग, इथं रिव्हर्स गिअर! खेड्यात हेच चालतं."

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "निळ्या ट्रॅक्टरवर माझी लेक हाय."

लेकीनं वाटेच्या दोन्ही बाजूंना रोवलेला एकही खांब न पाडता ट्रॉली सरळ मागं नेली. तिचा पहिला नंबर आला.

डोळे पुसत मावशींनी मला विचारलं, "तुमची ती रेस मोबाईलवर दिसती का? पोरीला दाखवीन, तिला लई आवड हाय."

त्यात टोमणा नव्हता. मी मान खाली घालून रेसचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, पण माफी मागायला तोंड उघडलं नाही.

तुम्ही मागितली असती का?