त्यांनी उचललेला फोल्डर

राग विसरावा म्हणतात. मी नाही विसरले. चार वर्षं तो मनात धरून बसले.

माझ्या पीएचडीच्या गाइडनी माझं काम स्वतःच्या नावावर छापलं. डीएनएचे चार हातांचे बारीक तुकडे पाण्यात सोडून पाणी थंड करत नेलं, की त्यांची टोकं आपोआप एकमेकांना धरतात आणि खरवसासारखं मऊ जेल तयार होतं. हे सगळं मी कॉम्प्युटरवर घडवत होते. पेपर आला तेव्हा माझं नाव आभारातसुद्धा नव्हतं. डिग्री घेऊन मी रत्नागिरीला परतले, कॉलेजात शिकवायला लागले. आई म्हणायची, "सोड गो, देव बघून घेईल." देव कशाला? मला बघायचं होतं!

कारण एक गोष्ट मलाच ठाऊक होती. घाईत त्यांनी 'फायनल' नावाचा फोल्डर उचलला होता. आमच्या धंद्यात 'फायनल' म्हणजे कधीच शेवटचं नसतं. त्यात मी नुसती चाचणी म्हणून पाणी झटक्यात थंड केलं होतं. तसं केलं की तुकडे मिळेल त्याला चिकटतात. चित्रात जेल दिसतं, पण ते खोटं. सावकाश थंड केलेलं खरं काम 'फायनल तीन'मध्ये होतं, माझ्या लॅपटॉपवर.

यंदा कॉलेजात पाहुणा कोण बोलवायचा म्हटल्यावर मीच त्यांचं नाव पुढे केलं. शाल-श्रीफळही मीच आणून ठेवलं. व्याख्यानात तोच पेपर, तीच चित्रं. मी हात वर केला. "सर, थंड किती वेगाने केलंत?"

"सावकाशच की," म्हणाले. त्यांना ठाऊकच नव्हतं! आलेखाखाली थंड करायला लागलेला वेळ लिहिलेला होता, अगदी झटक्याचा; तो मी मोठ्याने वाचून दाखवला. पोरं कुजबुजायला लागली. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या.

नंतर स्टाफरूममध्ये त्यांनी मला गाठलं. "अगं, बाकीचे लॅबवाले विचारतायत, आमचं जेल का होत नाही म्हणून. आपण दुरुस्ती छापू. तुझं नाव घालतो. पहिलं घालतो."

चार वर्षांपूर्वी हेच ऐकायला माझे कान आसुसले होते.

"राहू दे, सर. बरोबर काम माझ्या एकटीच्या नावावर येतंय पुढच्या महिन्यात," मी म्हटलं. "तुमचंही नाव आहे त्यात. चूक कशी होते, त्याचं उदाहरण म्हणून."