सुमीनं मागितलेलं कुलूप

सकाळची वैजापूर–संभाजीनगर एसटी. खिडकीशी धाकटी बहीण सुमी, शेजारी मी. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मीच, म्हणून दवाखान्याची कामं माझ्याकडं, आणि ती मी ऐटीत करतो. सुमीच्या जनुकातच जन्मापासून दोष. कितीही जेवली तरी पोट भरल्याचं तिला कळत नाही. पंचविशीपर्यंत वजन वाढलं, साखर वाढली, आणि दिवाळीपासून कानात कुणीतरी बोलू लागलं, "घरचे तुझ्या वाट्याचं लपवतात."

तपासणीसाठी सुमीचं रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. लासूरला चढलेल्या एका अनोळखी आजीनं डबा उघडून धपाटं पुढं केलं. मी नको म्हटलं.

"पोर उपाशी अन् तू इस्त्रीचा शर्ट घालून बसला व्हय?"

सगळी बस हसली. सुमी डब्याकडंच बघत राहिली. आजी उतरेपर्यंत तिनं मनगट खाजवून लाल केलं.

दवाखान्यात डॉक्टरबाई सरळ बोलल्या. "आवाजांसाठी औषध देते. त्यानं भूक आणि साखर आणखी वाढू शकते. घरातलं अन्न कुलपात ठेवावं लागेल. जमेल?"

मी मान हलवली खरी. पण घरी आईला कुलपाचं नावही चालत नव्हतं. "पोटच्या लेकीपासून अन्न लपवू? अन्नपूर्णा रुसंल."

दुपारी शहरातल्याच उस्मानपुऱ्यात वडिलांच्या दोस्ताकडं गेलो. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या चाचींनी, दस्तरखान (जेवताना अंथरतात ते कापड) अंथरून नान-खलिया (तंदुरी रोटी आणि मटणाचा पातळ रस्सा) मांडला होता. मी डॉक्टरबाईंचं बोलणं सांगितलं. चाचींचा हात थांबला.

"मेहमान के सामने से खाना उठाऊँ मैं? हमारे घर में कभी हुआ नईं, मियाँ."

मग त्यांनी सुमीचं मनगट बघितलं. तिच्या ताटात एक नान, थोडा रस्सा, बरीच काकडी वाढली. बाकी सगळं उचललं, स्वयंपाकघराला कुलूप घातलं, किल्ली ओढणीला बांधली. "देख बेटी, अब मेरे को भी नईं मिलता. असर की (दुपार कलल्यावरची) नमाज के बाद चाय."

सुमी थोडी रडली. मग सावकाश जेवली आणि तिथंच भिंतीशी झोपली. परक्या घरात तिला असं झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "दादा, आपल्याकडं पण कुलूप लाव."

"आई रडंल."

"रडू दी. उघडं असलं की दिसभर माझं चित्त तिथंच. चाचीकडं नाय झालं तसं."

"मग तूच सांग आईला."

दारात चप्पल काढायच्या आधीच तिनं सांगितलं. शहरातून औषध मी आणलं, पण ते आमच्या घरात निभावेल असं मला त्या घटकेला पहिल्यांदा वाटलं. आई आत गेली. मग धान्याच्या कोठीचं पितळी कुलूप काढून तिनं सुमीच्या हातात दिलं.

"माझ्या हातानं व्हायचं नाय, सुमे. तू लाव."

सुमीनं ते स्वयंपाकघराच्या दाराला लावलं आणि किल्ली आईच्या पदराला बांधली.